वेल्श रॅबिट की रेअरबिट? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्रतिक्रिया तळमळीने लिहिली आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देते. तुमचं म्हणणं असं, की चीज घातलेल्या या भाजक्या पावाचं मूळ नाव 'वेल्श रेअरबिट'; 'रॅबिट' हा त्याचा अपभ्रंश, आणि तो लेखात वापरून मी वेल्श, म्हणजे वेल्सच्या, लोकांचा अपमान केला.

क्रम नेमका उलटा आहे. 'वेल्श रॅबिट' १७२५ सालच्या लिखाणात सापडतं. 'रेअरबिट' दिसतं ते १७८५ मध्ये, फ्रान्सिस ग्रोसच्या बोलीभाषेच्या कोशात. मध्ये १७४७ साली हॅना ग्लासने आपल्या पाककृतींच्या पुस्तकात स्कॉच, वेल्श आणि इंग्लिश असे तिन्ही 'रॅबिट' दिले. तिचा वेल्श प्रकार असा: पाव दोन्ही बाजूंनी भाजायचा, चीज एका बाजूने भाजून त्यावर ठेवायचं, मग तापवलेलं लोखंड वर धरून दुसरी बाजू खरपूस करायची. वाटलं तर मोहरी चोळायची. इंग्लिश प्रकारात पाव आधी लाल वाइनमध्ये मुरवायचा. यात ससा कुठेच नाही, तरी नाव रॅबिटच!

ससा थट्टेतून आला, हे मला मान्य आहे. इंग्रज थट्टेत 'वेल्श' हा शब्द हलक्या पर्यायाला लावत: बोटांनी केस सारखे केले की त्याला 'वेल्श कंगवा' म्हणत. मांस न परवडणाऱ्याचा ससा म्हणजे चीज, अशी ती खोच. आपल्या बोंबलाला 'बॉम्बे डक' हे नावही इंग्रजीतूनच चिकटलं. पण जमीनदारांनी शिकारीला बंदी केली म्हणून वेल्श शेतकऱ्यांनी हा पदार्थ काढला, ही तुम्ही सांगितलेली कथा मी मानत नाही. ती नावावरून मागाहून रचलेली वाटते.

'रेअरबिट'ने मान राखला जातो, हेही पटत नाही. तो शब्दही इंग्रजीतच घडला, नावातला ससा झाकायला. वेल्श लोकांचं स्वतःचं नाव आहे 'काउस पोबी', म्हणजे भाजलेलं चीज. १५२६ साली लंडनमध्ये छापलेल्या एका चुटक्यात संत पीटर स्वर्गाच्या दाराबाहेर जाऊन हीच आरोळी ठोकतो. चीजच्या ओढीने सगळे वेल्श बाहेर धावतात, आणि तो आत येऊन दार लावून घेतो. चुटका हिणवणाराच आहे. तरी रॅबिट जन्मण्याच्या दोनशे वर्षं आधी वेल्श माणसाचं हे वेड लंडनलाही ठाऊक होतं, एवढं त्यातून कळतं.

तेव्हा लेखातला 'रॅबिट' बदलणार नाही. शीर्षकात त्याच्या आधी 'काउस पोबी' मात्र आजच घालते आहे.