'गोल्फ' ही आद्याक्षरं नाहीत: स्कॉट्स शब्दांबद्दल फिरणाऱ्या मजकुराला उत्तर

मराठीत आपण रोज वापरतो त्या इंग्रजी शब्दांपैकी काही मुळात इंग्लंडचे नाहीतच. ब्लॅकमेल, इन्कम टॅक्सची रेड, सिनेमातलं ग्लॅमर, निवडणुकीतलं स्लोगन, गोल्फ, व्हिस्की हे सगळे स्कॉटलंडमधून इंग्रजीत गेले आणि तिथून आपल्याकडे आले. यातल्या काहींच्या आणि स्कॉट्स या स्कॉटलंडच्या सखल प्रदेशातल्या भाषेतल्या इतर जुन्या शब्दांच्या जन्मकथा सांगणारा मजकूर व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुकवर वर्षानुवर्षं फिरतो आहे. रूपं निरनिराळी असली तरी दावे ठरलेले असतात. गोल्फ म्हणजे 'जेंटलमेन ओन्ली, लेडीज फॉरबिडन'. स्कॉट्स शब्द म्हणजे डोंगराळ भागातल्या टोळ्यांची प्राचीन गेलिक भाषा, नाहीतर नुसती बिघडलेली इंग्रजी. ब्लॅकमेल म्हणजे धमकीचं काळं पत्र. मार्मलेड हे आजारी राणीच्या नावावरून आलं. आणि स्कॉटिश माणसाकडे बर्फासाठी ४२१ शब्द आहेत.

असा मजकूर निरुपद्रवी वाटतो, म्हणून कुणी त्याला उत्तर देत नाही. मला ते द्यावंसं वाटतं, कारण खोटी जन्मकथा रुजली की तो शब्द ज्या शेतकऱ्यांनी, व्यापाऱ्यांनी, सरहद्दीवरच्या लुटारूंनी आणि कोर्टातल्या कारकुनांनी घडवला, त्यांचा इतिहास पुसला जातो. स्कॉट्सच्या बाबतीत तर हा इतिहास सहाशे वर्षांहून जास्त काळ कागदावर नोंदलेला आहे. तो उघडून पाहायचा तेवढा अवकाश.

सगळ्यात लोकप्रिय दावा गोल्फचा, त्यापासून सुरुवात करू. हा शब्द पहिल्यांदा सापडतो तो स्कॉटलंडच्या संसदेच्या १४५७ सालच्या कायद्यात. राजा दुसरा जेम्स याच्या काळात इंग्लंडशी कधीही लढाई पेटेल अशी स्थिती होती आणि लोक धनुर्विद्येचा सराव सोडून फुटबॉल आणि गोल्फ खेळत होते. म्हणून दोन्ही खेळ पूर्ण बंद करा, असं फर्मान निघालं. १४७१ आणि १४९१ साली तीच बंदी पुन्हा घालावी लागली, म्हणजे कुणी ऐकलं नव्हतं. १५०२ मध्ये तर खुद्द राजा चौथा जेम्स याने पर्थच्या एका धनुष्य बनवणाऱ्या कारागिराकडून गोल्फच्या काठ्या विकत घेतल्या. ती खरेदी राजाच्या खजिन्याच्या हिशेबात नोंदलेली आहे.

आद्याक्षरं जोडून नवा शब्द बनवायची रीत रुळली विसाव्या शतकात. पंधराव्या शतकातल्या कारकुनाला ती सुचली असती, हेच मुळात अशक्य. त्याहून ठोस पुरावा उच्चाराचा आहे. स्कॉट्समध्ये हा शब्द 'गाउफ' असा बोलतात, आणि जुन्या कागदांत तो 'गॉफ', 'गाउफ' असाही लिहिलेला आढळतो. 'लेडीज'चा म्हणून सांगितला जाणारा 'ल' त्यात बोललाच जात नाही. डच भाषेत काठीला 'कोल्फ' म्हणत, त्याच्याशी या शब्दाचं नातं असावं असं बहुतेक अभ्यासक मानतात. मात्र 'क'चा 'ग' कसा झाला हे समाधानकारक उलगडत नाही, म्हणून काळजीपूर्वक केलेले कोश तिथे 'बहुधा' असा शब्द घालतात.

हा दावा लोकांना पटतो त्यामागे एक खरी वेदना आहे, हेही नोंदवायला हवं. सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट गोल्फ क्लबने बायकांना सभासदत्व द्यायचा ठराव केला तो २०१४ साली. अन्याय झालाच. पण तो शब्दाने केलेला नाही, क्लबांच्या नियमांनी केला. त्या ठरावाच्या कितीतरी आधी बायका खेळत होत्या. मसलबरा गावच्या क्लबने डिसेंबर १८१० मध्ये ठरवलं होतं, की येत्या १ जानेवारीला मासळी विकणाऱ्या बायकांमध्ये जी सगळ्यांत छान गोल्फ खेळेल, तिला नवी पाटी आणि शाल द्यायची. आद्याक्षरांच्या गोष्टीत या कोळणींना जागा उरत नाही.

दुसरा दावा: हे सगळे शब्द गेलिक आहेत. इथे गोंधळ होण्याचं कारण समजण्यासारखं आहे. स्कॉटलंडमध्ये इंग्रजीखेरीज दोन भाषा आहेत. गेलिक ही केल्टिक कुळातली, आयरिशच्या जवळची, डोंगराळ भागातली आणि पश्चिमेकडच्या बेटांवरची. स्कॉट्स ही जर्मानिक कुळातली, दक्षिणेच्या आणि पूर्वेच्या सखल प्रदेशातली. त्यात भर म्हणजे नावांचीच अदलाबदल झाली. पंधराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत 'स्कॉट्स' म्हटलं की गेलिक समजलं जाई, आणि आज जिला आपण स्कॉट्स म्हणतो ती भाषा बोलणारे लोक तिला 'इंग्लिस' म्हणत. गॅविन डग्लस या कवीने १५१३ मध्ये लॅटिन महाकाव्याचं भाषांतर पूर्ण केलं, तेव्हा आपण 'स्कॉट्स'मध्ये लिहितो आहोत, दक्षिणेकडच्या इंग्रजीत नाही, असं त्याने ठासून सांगितलं. नाव बदललं आणि गैरसमज मागे राहिला.

गेलिकमधून आलेले शब्द आहेतच. लॉख म्हणजे तळं, ग्लेन म्हणजे दरी, क्लॅन म्हणजे कूळ. स्लोगन हा 'सैन्य' आणि 'आरोळी' असे दोन गेलिक शब्द मिळून झाला. आपल्या 'हर हर महादेव'सारख्या रणघोषाचंच ते नाव. व्हिस्की म्हणजे 'जीवनाचं पाणी' या गेलिक नावाचा पहिला अर्धा भाग. पण ज्याला सगळं जग गेलिक पोशाख म्हणून ओळखतं, त्या 'किल्ट'चं नाव गेलिक नाही. तो स्कँडिनेव्हियन शब्द आहे. मूळ क्रियापद 'वस्त्र वर खोचणं' या अर्थाचं, डॅनिशमध्ये त्याचं भावंड आजही आहे. गेलिक माणूस त्या वस्त्राला 'फेले' म्हणतो.

व्हायकिंगांनी आणि त्यांच्या वंशजांनी दिलेले शब्द स्कॉट्समध्ये जागोजागी भेटतात. चर्चला 'कर्क', घर बदलण्याला 'फ्लिट', बांधण्याला 'बिग', कोकिळेला आणि वेड्या माणसाला 'गाउक'. एडिनबराच्या कॅननगेट भागात पर्यटक वेस शोधत फिरतात. तिथलं 'गेट' मात्र नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेतलं, अर्थ रस्ता. 'कॅनन' म्हणजे मठातले धर्मगुरू, ते ज्या वाटेने जात ती वाट. ग्लासगोचं ट्रॉनगेट, गॅलोगेट यांतही तेच. चहाबरोबरचा 'स्कोन' डचमधून आला असावा. स्कॉटिश राजांच्या राज्याभिषेकाच्या स्कून गावाशी किंवा तिथल्या शिळेशी त्याचा संबंध नाही. करंगळीला म्हणतात तो 'पिंकी'सुद्धा डच. समुद्रापलीकडच्या बंदरांशी शतकानुशतकं व्यापार होता, फ्लेमिश विणकर आणि व्यापारी बाराव्या शतकापासून स्कॉटिश शहरांत येऊन राहत होते, त्यांच्याबरोबर शब्द आले. 'त्रास करून घेणं' याला 'फॅश' आणि मोठ्या ताटाला 'अ‍ॅशेट' म्हणतात, ते फ्रेंचांकडून.

तिसरा दावा मला सर्वांत जास्त खुपतो: स्कॉट्स म्हणजे बिघडलेली इंग्रजी. सातव्या शतकात नॉर्थंब्रिया या उत्तर इंग्लंडमधल्या जुन्या राज्याच्या अँगल लोकांनी आजच्या एडिनबराच्या आसपासचा प्रदेश घेतला आणि त्यांची भाषा तिथे रुजली. आजच्या स्कॉटलंडमधल्या रथवेल गावात आठव्या शतकाच्या सुमारास उभारलेला दगडी क्रूस आहे. त्यावर रून लिपीत कोरलेल्या काव्याच्या ओळी त्याच नॉर्थंब्रियन बोलीत आहेत. प्रमाण इंग्रजी वाढली ती लंडन आणि मध्य इंग्लंडच्या बोलीतून. म्हणजे या दोघी बहिणी. एक दुसरीची बिघडलेली आवृत्ती नव्हे.

आता ध्वनी पाहा. जुन्या इंग्रजीत घराला 'हूस', उंदराला 'मूस', बाहेरला 'ऊट' म्हणत. स्कॉट्समध्ये आजही हूस, मूस, ऊट असंच म्हणतात. दक्षिणेत पंधराव्या-सोळाव्या शतकांत स्वर सरकत गेले आणि त्यांचं हाउस, माउस, आउट झालं. रात्रीला स्कॉट्स माणूस 'निख्त' म्हणतो, त्यातला घशातला ध्वनी इंग्रजीत पूर्वी होता. इंग्रजांनी तो टाकून दिला, पण स्पेलिंगमध्ये त्याची अक्षरं अजून तशीच आहेत. बदललं कोण, हे यावरून स्वच्छ दिसतं.

स्कॉट्स ही राज्यकारभाराची भाषा होती. पंधराव्या शतकापासून संसदेचे कायदे तिच्यात लिहिले गेले. वर सांगितलेली गोल्फबंदीही त्यातलीच. मग ती खाली कशी गेली? १५६०च्या प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेनंतर बायबल इंग्रजीतलंच वापरात आलं. १६०३ मध्ये सहावा जेम्स इंग्लंडचाही राजा होऊन दरबारासह लंडनला गेला. १७०७ मध्ये स्कॉटलंडची संसद विसर्जित झाली. पुढे डेव्हिड ह्यूमसारख्या तत्त्वज्ञानेही १७५२ मध्ये लेखनातून टाळायच्या स्कॉट्स प्रयोगांची यादी छापली. शरम इथून सुरू झाली. तिचा परिणाम आजही होतो: २०२० साली उघड झालं, की स्कॉट्स विकिपीडियावरचे हजारो लेख ही भाषा न येणाऱ्या एका परदेशी मुलाने इंग्रजी वाक्यांची स्पेलिंगं फिरवून लिहिले होते. स्पेलिंग बिघडवलं की स्कॉट्स होते, हा समज इतका पक्का होता, की ते लेख वर्षानुवर्षं तसेच राहिले. २०२२च्या जनगणनेत आपल्याला स्कॉट्स बोलता येते असं सुमारे १५ लाख लोकांनी नोंदवलं आहे. ही माणसं चुकीची इंग्रजी बोलत नाहीत.

ब्लॅकमेलचं थोडक्यात सांगता येईल. यातल्या 'मेल'चा टपालाशी काही संबंध नाही. टपालाचा 'मेल' जुन्या फ्रेंचमधल्या थैलीवरून आला. स्कॉट्समध्ये 'मेल' म्हणजे जमिनीचा खंड, भाडं. 'मेल्स अँड ड्यूटीज' हा शब्दप्रयोग स्कॉटिश कायद्यात पुढेही चालू राहिला. सोळाव्या शतकात इंग्लंडच्या सरहद्दीवर गुरं पळवणाऱ्या टोळ्यांचं राज्य होतं. मालकाला द्यायच्या खंडाखेरीज या टोळ्यांना 'आमच्या वाटेला जाऊ नका' म्हणून जे द्यावं लागे, ते ब्लॅकमेल. मराठीत त्याला नेमका शब्द आहे, खंडणी. ती रोकड, धान्य किंवा गुरं अशी कशीही दिली जाई. इंग्लंडच्या संसदेने १६०१ मध्ये आपल्या उत्तरेकडच्या चार परगण्यांत ती घेणं आणि देणं, दोन्ही गुन्हा ठरवलं. गुपित फोडण्याची धमकी हा अर्थ फार उशिरा चिकटला. 'रेड'ही याच सरहद्दीवरचा: मूळ अर्थ घोड्यावरून केलेली स्वारी. इंग्रजीतला रस्त्याचा 'रोड' आणि हा 'रेड' मुळात एकच शब्द.

मार्मलेडच्या गोष्टीत स्कॉटलंडची राणी मेरी आजारी पडते, फ्रेंच दासी 'मारी मालाद' असं पुटपुटतात आणि पदार्थाला नाव मिळतं. मेरीचा जन्म १५४२चा, आणि इंग्लंडमध्ये हा शब्द पंधराव्या शतकाच्या अखेरीलाच लिहिलेला सापडतो. तो पोर्तुगीज आहे: 'मार्मेलो' नावाच्या फळाची घट्ट वडी ती 'मार्मेलाडा'. गोव्यात पेरूची 'पेराद' खाल्लेल्यांना तो शेवटचा प्रत्यय ओळखीचा वाटेल.

वर्षाच्या शेवटच्या दिवसाला 'हॉग्मनेय' म्हणतात, त्याच्या कथा तर संपत नाहीत. कुणी 'माणूस जन्मला' अशा अर्थाचं फ्रेंच वाक्य सांगतं, कुणी 'पवित्र महिना' हे ग्रीक, कुणी 'नवी सकाळ' हे गेलिक. कागद काय सांगतो? १६०४ मध्ये एल्गिन गावच्या चर्च समितीपुढे एका माणसाची तक्रार आली, की तो शनिवारी 'हॅगमोनेय' गात होता. म्हणजे तेव्हा ते एक प्रकारचं गाणं होतं. उत्तर फ्रान्समध्ये याच दिवशी मुलं दारोदार जाऊन भेट मागत आणि जे ओरडत ते नॉर्मंडीच्या बोलीत 'ओगिनाने'. शब्द तोच, दिवस तोच, प्रथाही तीच. तीन गोष्टी एकत्र जुळतात तेव्हा ती व्युत्पत्ती धरायची. समितीला राग का यावा, याचं उत्तर धर्मसुधारणेत आहे. नव्या चर्चने नाताळसकट जुने सण बंद पाडले होते. नाताळची सार्वजनिक सुट्टी स्कॉटलंडला १९५८ साली मिळाली, आणि मधल्या काळात सगळा उत्साह वर्षअखेरीकडे वळला.

बर्फाचे ४२१ शब्द हा आकडा खरा आहे, वाक्य खोटं आहे. ग्लासगो विद्यापीठाने स्कॉट्सचा ऐतिहासिक अर्थकोश करताना २०१५ मध्ये तो जाहीर केला. त्यात वेगवेगळ्या शतकांतले, वेगवेगळ्या भागांतले, बर्फाशी दूरान्वयाने संबंध असलेले आणि जोडशब्दही मोजलेले आहेत. कुठलाही एक माणूस ते सगळे बोलत नव्हता. यातले काही शब्द मात्र सुरेख आहेत: पाऊस किंवा बर्फ पडायला लागणं म्हणजे 'स्नीझल', बर्फाचं भिरभिरणं म्हणजे 'फीफल', वितळायला लागण्याची वेळ म्हणजे 'अनब्राक'. आकड्यापेक्षा हे शब्द पुढे पाठवायला हवे होते.

याच मजकुरात अधूनमधून आणखी एक दावा असतो, जो वाचताना सर्वांत खोटा वाटतो: ग्लॅमर म्हणजे ग्रामर. हा पूर्ण खरा आहे. मध्ययुगात 'ग्रामर' म्हणजे लॅटिनचं शिक्षण, आणि अक्षर न येणाऱ्या समाजाच्या नजरेत लॅटिन पोथी वाचणारा माणूस मंत्रतंत्र जाणणाराच. स्कॉट्समध्ये 'र'चा 'ल' झाला आणि 'ग्लॅमर' म्हणजे नजरबंदी, डोळ्यांवर पडलेली भूल. अठराव्या शतकात अ‍ॅलन रॅमझी या कवीने तो याच अर्थाने वापरला. पुढच्या शतकात वॉल्टर स्कॉटमुळे तो इंग्रजीत पसरला. सौंदर्याचा झगमगाट हा अर्थ त्यानंतरचा. नटीच्या ग्लॅमरबद्दल मराठी वृत्तपत्रं लिहितात, तेव्हा त्या शब्दाच्या तळाशी व्याकरण असतं, आणि याला कागदाचा आधार आहे.