भुकेचं हार्मोन आणि लठ्ठपणा: एक खुलासा

नागपुरात महिलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: लठ्ठ बायकांत घ्रेलिन हे भुकेचं हार्मोन जास्त असतं, कडक उपास केले की ते उतरतं. हे चूक आहे. १९९९ साली सापडलेलं घ्रेलिन लठ्ठपणात बहुधा कमीच आढळतं; उपासाने वजन घटलं की उलट वाढतं. पोट भरल्याची खबर देणारं लेप्टिन हे हार्मोन लठ्ठपणात भरपूर असूनही मेंदू त्याला पुरेशी दाद देत नाही. ताबा सुटून वारंवार भरमसाट खाणं हा २०१३ पासून अमेरिकी मानसोपचारात स्वतंत्र आजार मानतात. तो प्रत्येक लठ्ठ बाईला नसतो, आणि असला तरी त्याला हावरटपणा म्हणू नका. अशा बाईला आणखी उपास सांगणं तर घातकच. नागपूरच्या मेडिकलच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या, मानसोपचार विभागात दाखवा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा.