ॲप कोणाच्या फोनवर असणार?

दुपारी सौरवीज मुबलक असते, तेव्हा वीज वापरा असं ॲप घरोघरी कळवेल, असं वीजवापरावरच्या एका लेखात म्हटलंय. कल्पना पटली. पण आमच्याकडे मीटर नवऱ्याच्या नावावर, नोटिफिकेशन त्याला ऑफिसात, आणि वॉशिंग मशीनचं बटण दाबतात सासूबाई. त्यांना ॲपमधल्या इंग्रजी आलेखाचा काय उपयोग? स्विचबोर्डावर हिरवा दिवा लागला की मशीन लावायची, एवढं पुरे.

केंद्राच्या 2023 च्या नियमांप्रमाणे सौर तासांतला, म्हणजे दिवसा उन्हाच्या वेळचा, दर नेहमीपेक्षा किमान 20 टक्के कमी हवा, म्हणजे तसा दर लागू असेल तिथे पैशांचा फायदा आहेच. तरी माझं म्हणणं, माणसांच्या सवयींआधी यंत्रांच्या वेळा बदला. सोसायटीचा पंपच घ्या. पहाटे खालच्या टाकीत पाणी आलं की वॉचमन लगेच ते वर चढवतो. गच्चीवरची टाकी पुरेशी मोठी असेल तर हेच काम अकरा-बाराला केलं तरी कोणाचा नळ कोरडा पडत नाही. त्यासाठी टायमर आणि पाण्याची पातळी सांगणारा सेन्सर लागतो, बस. गीझरचंही तसंच. 25 लिटर पाणी 35 अंशांनी तापवायला साधारण एक युनिट जातं. टाकीचं आवरण चांगलं असेल तर दुपारचं पाणी संध्याकाळी आंघोळीला चालतं. मग टायमर महागड्या मॉडेलातच का?

आणि हाताने चालू करायची सोय ठेवाच. घरात तान्हं बाळ किंवा आजारी माणूस असेल, तर गरम पाणी मागितल्या क्षणी मिळायला हवं.