विणलेली नाही हो, गाठी मारलेली

लेखात पेरू देशातल्या वारी या प्राचीन लोकांच्या (इंकांच्याही आधीच्या) चार टोकांच्या टोप्या 'सुयांवर विणलेल्या' म्हटल्यात, ते काही पटलं नाही. दोन सुयांचं विणकाम तिकडे स्पॅनिश लोकांसोबत 16व्या शतकात पोचलं आणि या टोप्या साधारण इ.स. 600 ते 1000 मधल्या. आपल्याकडे स्वेटर पण विणतात नि साडी पण विणतात, सगळ्याला एकच शब्द, त्यामुळे हा घोळ होतो. या टोप्या लोकरीच्या एकेक गाठीने बनतात, मासे धरायचं जाळं करतात तशा, आणि गाठीगाठीत रंगीत लोकरीचा झुपका अडकवतात म्हणून वरून मखमल वाटते. त्यांच्या शेजारच्या, बोलिव्हियाकडच्या तिवानाकूवाल्यांच्या टोप्यांना असे झुपके नसतात, तिथे गाठी उघड्या दिसतात.

मी मॅक्रमे, म्हणजे दोऱ्याला गाठी मारून वस्तू, करते, कुंडीचं एक साधं शिंकाळं करायला मला दोन संध्याकाळी लागतात आणि तो तर जाड दोरा! न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये अशी टोपी बघितली तेव्हा काचेला नाक लावून गाठी मोजायला गेले, बोटभर जागेतच हरवले. लेखात या टोप्यांना असलेल्या मानाचं सगळं श्रेय रंगांना दिलंय, पण एवढे तास एकाच्या डोक्यासाठी कोणीतरी खपलंय हे बघणाऱ्याला लांबूनच कळत असणार ना?