साहेब, लिहून कोण घेतंय?

नवीन पोलिसी मालिका चालू झालीय, आमच्याकडे रोज रात्री साडेनऊला लागते. नाव सांगत नाही, कारण आठवडाभर टीव्हीसमोर बसूनही मी ती नीट बघितलेलीच नाही. बघितली ती मामांनी आणि आईने, मी नुसता दोघांच्या मध्ये सोफ्यावर होतो.

मामा कराडहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आमच्याकडे आलेत. सगळी नोकरी पोलीस खात्यात, त्यातली बरीचशी रायटर म्हणून. म्हणजे साहेब चोराच्या मागे धावणार आणि हे मागे टेबलाशी बसून साहेब कसे धावले ते लिहिणार. फिर्याद, जबाब, पंचनामा, स्टेशन डायरी, केस डायरी, मुद्देमाल पावती, रिमांड रिपोर्ट, सगळं हाताने, खाली कार्बन घालून. आता काळा चष्मा लावून बसतात आणि खरं सांगायचं तर त्या हिरोपेक्षा जास्त डिटेक्टिव्ह दिसतात.

मला असल्या मालिकांचं वेड जुनं आहे हो. 1985 मध्ये करमचंद आला तेव्हा त्याचं बघून मी गाजरं खायला लागलो, आईला वाटलं मुलगा सुधारला. मग दूरदर्शनवरच मराठीत 'एक शून्य शून्य', 1993 ला रजित कपूरचा ब्योमकेश, आणि 1998 पासून तर काय, सीआयडीत शिवाजी साटम यांची बोटं हवेत फिरली की आमच्याकडे जेवणाची ताटं घेतली जायची. तेव्हा नव्या मालिकेचा प्रोमो बघून (लेदर जॅकेट, गॉगल, मागे धूर) मी बायकोला सांगूनच ठेवलेलं की साडेनऊ ते दहा मला कोणी हाक मारायची नाही.

पहिला भाग. गाव काल्पनिक, पण मागे मेणवलीचा घाट आहे हे घरात सगळ्यांनी एकदमच ओळखलं. पायऱ्यांवर मयत पडलंय. हिरो बुलेटवरून येतो, खाली वाकतो, मयताच्या खिशातून चिठ्ठी काढतो, वाचतो, गालातल्या गालात हसतो आणि चिठ्ठी सरळ स्वतःच्या खिशात घालतो.

"आरं पंच कुठायत?" मामा ओरडले. मला वाटलं डोळ्याला काही झालं.

"दोन पंच लागतात की! त्यांच्यासमोर जप्ती, मग पाकीट, मग लाखेचं सील, मग सगळ्यांच्या सह्या. ह्या गड्याने पुरावा धुवायला टाकला!" मी म्हटलं मामा मालिका आहे, एवढं कुठे दाखवणार. तर म्हणाले दाखवू नका, पण निदान एखादा हवालदार कोपऱ्यात काहीतरी लिहिताना तरी दिसू दे, एवढा मोठा खून झाला आणि पोलीस ठाण्यात एक पेन नाही?

झालं. ते पेन एकदा डोक्यात बसलं आणि माझी मालिका संपली. हिरो साक्षीदाराशी बोलतोय, पाऊस पडतोय, व्हायोलिन वाजतंय, आणि मी फ्रेममध्ये कागद शोधतोय. नाहीये. टेबलावर लॅपटॉप आहे, कॉफीचा मग आहे, पृथ्वीचा गोल आहे (पोलीस ठाण्यात पृथ्वीचा गोल कशाला?), कागद नाही.

दुसऱ्या दिवशी फॉरेन्सिकवाली आली, मोकळे केस, हातात टेस्ट ट्यूब. जाहिरातींच्या आधी नमुना घेतला आणि जाहिराती संपल्यावर रिपोर्ट. मामा एवढे हसले की आईने डोळ्याला ताण पडेल म्हणून दटावलं. "आमचा व्हिसेरा, म्हणजे मयताच्या पोटातले अवयव, राखून ठेवायचा, मग तो लॅबला पोचवायला शिपाई, मग सीए, म्हणजे केमिकल ॲनालायझरच्या रिपोर्टची वाट, तोपर्यंत साहेबांची बदली." आणि हिरोच्या खांद्यावर स्टार दोनच, सगळे म्हणतायत इन्स्पेक्टर साहेब. दोन म्हणजे पीएसआय, इन्स्पेक्टरला तीन पाहिजेत. हे मामांना काळ्या चष्म्यातून दिसलं, एवढ्या मोठ्या युनिटमध्ये कुणालाच दिसलं नाही.

कलमाचं तर विचारू नका. हिरो गरजतो, "तुझ्यावर 302 लावीन!" अरे बाबा, 1 जुलै 2024 पासून नवीन खुनाला भारतीय न्याय संहितेचं 103 लागतं. पण इथे मामा चक्क लेखकाच्या बाजूने. म्हणाले बरोबर केलंय त्याने, 302 ला वजन होतं, 103 म्हणजे बसचा नंबर वाटतो, त्याला कोण घाबरणार.

आईची पद्धत वेगळी. तिला कलम नको, पुरावा नको. तिने पहिल्याच भागात मयताच्या घरी चहा आणून देणाऱ्या चुलत्याकडे बोट दाखवलं, "हाच." का? तर म्हणे एवढा नावाजलेला नट नुसता ट्रे धरायला घेतला असेल का. यावर मी काय बोलणार. शेर्लॉक होम्सलाही उत्तर सुचलं नसतं.

आणि शनिवारी तेच निघालं! चौकशीची खोली, हलणारा बल्ब, हिरोने टेबलावर मूठ आपटली, चुलता ढसाढसा रडला, "होय, मीच मारलं." संगीत टिपेला. बायकोचेसुद्धा डोळे पाणावले. मामा शांतपणे पान लावत होते. "शून्य किंमत," म्हणाले. "पोलिसासमोरची कबुली कोर्टात चालत नाही. 1872 च्या पुराव्याच्या कायद्यापासून नाही चालत, नव्या कायद्यात पण तेच आहे. इंग्रजाचा पण पोलिसावर भरवसा नव्हता. पंचासमोर त्याने म्हणायला पाहिजे की चला, सुरा कुठे टाकला ते दाखवतो, मग तो काढून द्यायला पाहिजे, त्याचा मेमोरंडम पंचनामा. नाहीतर हा गडी सुटला."

मी चिडून म्हटलं, मामा, सीआयडीवाल्यांनी 2004 मध्ये 111 मिनिटांचा अख्खा भाग न थांबता एका टेकमध्ये शूट केला होता, त्यात कुठे थांबून पंचनामे करणार होते. तर म्हणाले 111 मिनिटांत आमच्याकडे पंचसुद्धा सापडत नाही, पोलीस बघितले की लोक दुकानाचं शटर ओढून घेतात. वर विचारतात, तो दया दारं तोडायचा, त्या दारांचं बिल कुठल्या हेडखाली टाकायचे?

असो. रात्री मामांना त्यांच्या रिटायर्ड मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मालिकेबद्दल कळवायचं होतं. डोळ्यामुळे टाइप करता येईना, म्हणून मला बसवलं आणि सांगायला लागले. मध्ये एक शब्द बदलू दिला नाही.

"आज रोजी रात्रौ 21.30 वा. चे सुमारास मी व माझी बहीण असे राहते घरी हजर असताना टीव्हीवर एक अनोळखी इसम, अंगाने मजबूत, दाढी वाढलेली, अंगात काळे रंगाचे लेदर जॅकेट, खांद्यावर दोन स्टार, असा स्वतःस पोलीस निरीक्षक म्हणवून घेत असताना मिळून आला. सदर इसमाने मयताचे खिशातील चिठ्ठी विनापंचनामा काढून घेऊन स्वतःचे कब्जात ठेवली आहे. तरी माझी त्याचेविरुद्ध कायदेशीर तक्रार आहे. माझा वरील जबाब भाच्याने टाइप केला असून तो मला वाचून दाखविला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर व खरा आहे."