नाव बदललंस, आयकॉन बदललास, ॲपआयडी कोण बदलणार?

सकाळी नऊला सोसायटीच्या सेक्रेटरी काकांचा फोन. "अहो, तुमचं मेंटेनन्सचं सॉफ्टवेअर डेस्कटॉपवरून गायब झालंय!" काय केलंत विचारलं, तर म्हणे काही नाही, ते दुसरं बिलिंगचं ट्रायलला घेतलं होतं, ते तेवढं अनइन्स्टॉल केलं.

बिलिंगचं कोणाचं? आमच्याच मित्राचं. गेल्या वर्षी "जरा तुझी इनो सेटअपची स्क्रिप्ट दे ना" म्हणून गोड बोलून घेऊन गेला होता. (इनो सेटअप म्हणजे सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलर बनवायचं टूल.) मीही दिली, दानशूर कर्णच मी! त्यानं नाव बदललं, आयकॉन बदलला, व्हर्जन बदललं. आणि ॲपआयडी, म्हणजे इन्स्टॉलर ज्यावरून ॲप ओळखतो तो कोड? माझाच! स्क्रिप्टमध्ये त्या ओळीच्या वरच स्पष्ट कॉमेंट असते की बाबांनो, हा दुसऱ्या ॲप्लिकेशनला वापरू नका. पण कॉमेंट वाचली तर इज्जत जाते ना.

बरं, नवा काढायला कष्ट किती? इनो सेटअपच्याच टूल्स मेनूत 'जनरेट जीयूआयडी'. एक क्लिक. 128 बिटांचा आकडा, त्यातले 122 रँडम. जगात कोणाशी जुळणार नाही असा कोड फुकट मिळतो, आणि हा पठ्ठ्या तो कॉपी-पेस्ट करून जुळवतो!

इनो सेटअपला नावाशी काय देणंघेणं? ॲपआयडी तोच, म्हणजे ॲप तेच. त्यामुळे त्याचा सेटअप थेट माझ्याच फोल्डरात जाऊन बसला. कंट्रोल पॅनेलमधली माझी नोंद पुसून तिथं त्याचं नाव. अनइन्स्टॉल करताना काय काय पुसायचं ती यादीही एकच, माझ्या फायलींच्या खाली याच्या जोडलेल्या. काकांनी ते काढलं, दोघंही गेलो. डेटाची फाइल इन्स्टॉलरनं टाकलेली नव्हती म्हणून वाचली, नाहीतर 64 फ्लॅटचा हिशोब मी काय तोंडी सांगणार होतो?

आणि आता हे निस्तरायचं कसं? त्यानं नव्या व्हर्जनला नवा आयडी दिला, तर जिथं आधीच दोन्ही एकत्र नांदतायत तिथं नव्याला जुन्याची ओळखच नाही. शेजारी दुसरी कॉपी पडणार, आणि जुनी यादी तशीच टाइमबॉम्बसारखी. प्रत्येक गिऱ्हाइकाकडे जाऊन हातानं साफ करा. पेट्रोल कोणाचं?

संध्याकाळी त्याला फोन केला. शांतपणे म्हणतो, "अरे, मग तूच तुझा बदल ना."