सावळ्या त्वचेवर काळा लेयर ओतू नका

'पाच मिनिटांत माणूस रंगवा' ही चार नियमांची इमेज सध्या व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपांमधून फिरते आहे. टॅबलेटवर चित्रं काढायला शिकणाऱ्या भाचीनेही ती सेव्ह केली आणि त्यावरून चार चित्रं रंगवली, म्हणून लिहिणं भाग आहे. नियम असे : एक, एकच पीच रंग सगळ्यांना चालतो, सावळा माणूस हवा तर त्यावर ५० टक्के ओपॅसिटीचा (अपारदर्शकतेचा) काळा लेयर, म्हणजे थर, टाका; दोन, सावलीला काळा रंग मल्टिप्लाय मोडवर (खालच्या रंगाशी गुणून तो गडद करणारी पद्धत) ३० टक्के; तीन, सगळ्या सावल्या एअरब्रशने (मऊ कडांचा ब्रश); चार, उजेडाला कलर डॉज (खालचा रंग भडक उजळणारा मोड).

सगळ्यात जास्त वाट लावतो तो पहिला नियम. स्वतः करून बघा. पीच रंग घ्या : लाल २३५, हिरवा १९०, निळा १६५ (प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला, पुढेही याच क्रमाने). वर ५० टक्के काळा टाकला की होतो ११८, ९५, ८३. कलर पिकरमध्ये (रंग निवडायच्या चौकटीत) सॅच्युरेशन, म्हणजे रंगाची तीव्रता, आधी ३० टक्के होतं, आताही ३०च. आता जवळपास तेवढाच गडद, पण खरा सावळा रंग : १२२, ७६, ५४. सॅच्युरेशन ५६. दोन्ही ठिपके शेजारी ठेवा. पहिला राख फासल्यासारखा दिसतो, दुसऱ्याखाली रक्त वाहतंय. आपल्या आजूबाजूची निम्मीअधिक माणसं या राखेत रंगवायची, हे मला सहन होत नाही.

शिवाय तो काळा थर चकाकीही घालवतो. त्वचेच्या अगदी वरच्या थरावरून परतणारा उजेड गोऱ्या आणि सावळ्या त्वचेवर साधारण सारखाच असतो. आत शिरून परत येणारा मात्र सावळ्या त्वचेत कमी. म्हणून सावळ्या चेहऱ्यावर चकाकी जास्त उठून दिसते आणि ती उजेडाचा रंग घेते. खिडकीतून आभाळाचा उजेड येत असेल तर कपाळ, गालाचं हाड आणि नाकाचा शेंडा यांवर निळसर करडा हवा, १७६, १६०, १६५ च्या आसपास. तळहात उजळ ठेवा. कोपरं, गुडघे, बोटांची पेरं गडद.

दुसरा नियम. मल्टिप्लायवर शुद्ध काळा ३० टक्के आणि नॉर्मल या साध्या मोडवर काळा ३० टक्के यांचा निकाल तंतोतंत एकच येतो, मोड बदलून काडीचा फरक पडत नाही. २००, १४०, १०५ या गव्हाळ रंगाचा १४०, ९८, ७४ होतो आणि ह्यू (रंगचक्रावरची जागा, लाल म्हणजे ० अंश) २२ अंशांवरच राहतो. त्याऐवजी मल्टिप्लायवर १९०, १५०, १६५ हा मळकट जांभळट गुलाबी पूर्ण ओपॅसिटीने लावा : १४९, ८२, ६८ मिळतो, ह्यू १० अंशांकडे, म्हणजे लालाकडे सरकतो. त्वचेत हेच घडतं. उजेड आत शिरून विखुरतो, रक्त हिरवा-निळा शोषतं, लाल सगळ्यात लांब जाऊन बाहेर पडतो. २००१ च्या सिग्राफ या संगणकी चित्रांच्या परिषदेत हेन्रिक वान येन्सन आणि सहकाऱ्यांनी याचं गणित मांडलं आणि पडद्यावरची संगणकी त्वचा मेणचट प्लास्टिकसारखी दिसायची थांबली. गणित नको असेल तर सावळाराम हळदणकरांचं दिवा धरलेल्या स्त्रीचं जलरंगातलं चित्र पाहा, म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. ज्योतीआड धरलेली तिची बोटं कशी तांबूस उजळलीत! गालावर उजेड संपून सावली सुरू होते तिथे त्याच तांबूसपणाची अरुंद पट्टी द्या. फक्त त्वचेवर, कपड्यावर नाही.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य. उजेड-अंधाराचं प्रमाण जमलं तर रंग थोडा चुकूनही चित्र उभं राहतं, आणि ते तपासायला काळा कामाचा आहे : सगळ्यात वर काळ्याने भरलेला लेयर, मोड 'कलर' (खालचा उजेड-अंधार तसाच ठेवून फक्त रंग बदलणारा). चित्र करडं दिसेल. तपासा आणि लेयर बंद करा.

एअरब्रशबद्दल थोडक्यात. गोल गालावरची सावली मऊ असते, पण हनुवटीची गळ्यावर पडलेली सावली हनुवटीजवळ धारदार आणि पुढे मऊ होत जाते. आधी कडक गोल ब्रश, मग हव्या त्याच कडा मऊ करा. कलर डॉजने त्वचेचा लाल आधी २५५ ला टेकतो आणि चेहरा पिवळा पडतो. साध्या नॉर्मल लेयरवर रंग निवडून लावा.

रंगवून झालेली चित्रं फेकू नका. सावलीचा लेयर वेगळा असेल तर अल्फा लॉक करून (म्हणजे आधी रंगवलेल्या जागेबाहेर रंग जात नाही) काळ्याच्या जागी तो जांभळट गुलाबी भरा, ओपॅसिटी १०० करा. सावळ्या माणसांचा काळा थर मात्र सरळ काढून टाका आणि मूळ रंगच नव्याने भरा.